‘पात्र सुटलं’ म्हणावं का? : ‘आउट ऑफ कॅरेक्टर’साठी मराठी शब्द

वेलांटी

मी गेली काही वर्षं शेरलॉक होम्स आणि त्याचा मित्र वॉटसन यांच्या फॅनफिक लिहिते, म्हणजे मूळ पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेल्या नव्या कथा, मराठीतून. परवाच्या कथेवर एका वाचकाचा एवढाच शेरा आला : ‘गोष्ट आवडली, पण होम्स ओओसी वाटला.’ शेरा बरोबरच होता, त्यामुळे रागवायची सोय नव्हती. पण उत्तर लिहायला बसले आणि शब्दापाशी अडले.

‘ओओसी’ म्हणजे ‘आउट ऑफ कॅरेक्टर’. मूळ कथांमधून जे पात्र आपल्या ओळखीचं झालंय, त्याच्या तोंडी न शोभणारं बोलणं, त्याच्या हातून न होणारं वागणं. ‘स्वभावविसंगत’ म्हणून पाहिलं, पण ते परीक्षकाच्या अहवालातलं वाटतं. ‘स्वभावाविरुद्ध’ तर वेगळंच काही सांगतं. माणसं स्वभावाविरुद्ध वागतातच, बऱ्याच चांगल्या गोष्टी तिथूनच सुरू होतात. मला हवाय तो शब्द चूक लिहिणाऱ्याची आहे हे दाखवणारा. पात्र बिचारं काय करणार!

आणि जाता जाता, फॅनफिक ‘ती’ की ‘ते’?

शेरेबाज

ती. कथा ती, गोष्ट ती, फॅनफिकही ती.

ओओसीला ओओसीच म्हणा. ज्यांना तो शब्द लागतो त्यांना तो ठाऊक असतो, बाकीच्यांना तो लागतच नाही.

वेलांटी

असं कसं? मी त्या वाचकाला विचारलं, नेमकं काय खटकलं? तर उत्तर आलं, ‘ओओसी म्हणजे ओओसी, अजून कसं सांगू.’ म्हणजे शब्द दोघांनाही ठाऊक, आणि तरी दोघांनाही काही कळलं नाही.

जुनी वही

‘पात्र’ हा शब्दच आधी उलगडून बघा, उत्तर बहुधा त्यातच आहे.

संस्कृतात पात्र म्हणजे मुळात भांडं. ‘पा’ म्हणजे पिणे, ज्यातून प्यायचं ते पात्र. मग जे काही धारण करतं ते पात्र. दान धारण करायला लायक तो सत्पात्र, त्यावरून पात्रता. नाटकात भूमिका धारण करतो तो नट म्हणजे पात्र, आणि पुढे ती भूमिकाच पात्र झाली. आपण रोज बोलतो तो अर्थ मात्र यांतला एकही नाही. तो आहे नदीचं पात्र. नदीनं पात्र सोडलं, पात्र बदललं, पात्र रुंदावलं, असं आपण कुणालाही न विचारता म्हणतो.

मग होम्सनं पात्र सोडलं, असं का म्हणू नये?

शेरेबाज

वहीकाका, ‘होम्सनं पात्र सोडलं’ वाचून मला वाटेल की नटानं तालमीतून अंग काढून घेतलं. शिवाय वेलांटीताईंना दोष लिहिणाऱ्याकडे हवा होता. तुमच्या वाक्यात तो परत होम्सच्याच गळ्यात.

जुनी वही

मान्य. मग ‘सुटणे’ घ्या. तोल सुटला, ताबा सुटला, सूर सुटला. यात कर्ता दिसत नाही, पण ज्याच्या हातात ती वस्तू होती त्याच्याकडेच सगळे बघतात. ‘इथे होम्सचं पात्र सुटलंय’ म्हटलं की कुणाच्या हातून, हे सांगावं लागत नाही.

वेलांटी

हे आवडलं! आणि नदीचा अर्थ मागून येतोच. नदी पात्र बदलू शकते, पण मधली जमीन न भिजवता नाही. पात्रात बदल दाखवायचा तर आधी पाऊस दाखवा, पाणी चढताना दाखवा.

अर्धविराम

मी अनुवाद करते, फॅनफिक लिहीत नाही, तरी मध्ये बोलते.

इंग्रजीत म्हणतात की व्यक्तिरेखा ‘कन्विन्सिंग’ हवी. आपण म्हणतो पटायला हवी. पण ‘पटणे’ दोन तऱ्हेचं आहे. एक, मुद्दा पटणे. दुसरं, ओळख पटणे. स्वतंत्र कथेत लेखक पात्राची ओळख करून देतो. ते असं का वागलं हे पुढेमागे पटलं, की झालं. फॅनफिकमध्ये ओळख आधीच झालेली असते, आणि ती बहुधा लेखकापेक्षा वाचकाची जुनी असते. तिथे पहिल्या दोन-चार वाक्यांतच ओळख पटावी लागते. बँकेतल्या सहीसारखं आहे हे. सही सुंदर असून उपयोग नाही, जुळली पाहिजे.

त्यामुळे होतं असं, की एखादं वागणं कारणांसकट पटतं, आणि तरी पात्राची ओळख पटत नाही. वेलांटी, तुमच्या वाचकाचं तेच झालं असणार. कथेतला तो तुकडा दाखवता का?

वेलांटी

दाखवते, लाज सोडून. वॉटसनला चोरट्याची गोळी चाटून गेलीय. खोलीवर परतल्यावर होम्स म्हणतो :

‘वॉटसन, तू माझा सगळ्यात जवळचा मित्र आहेस रे. तुला काही झालं असतं तर मी कोलमडून गेलो असतो.’

आता म्हणाल, होम्सला भावना असू नयेत की काय! पण मुळातच तसा प्रसंग आहे. ‘थ्री गॅरिडेब्स’ या १९२४ च्या कथेत वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते आणि होम्स अक्षरशः हादरतो. त्या थंड मुखवट्यामागे केवढी माया आहे ते पहिल्यांदा दिसलं, म्हणून ती जखम सार्थकी लागली, असं मूळ कथांचा निवेदक वॉटसन स्वतः लिहितो. मग माझंच काय चुकलं?

अर्धविराम

तो मूळ प्रसंग पुन्हा वाचलात तर दिसेल. होम्स आधी विचारतो, लागलं तर नाही ना? हा प्रश्न आहे, कबुली नव्हे. मग खिशातल्या चाकूनं वॉटसनची विजार टराटरा फाडून जखम बघतो. वरवरची आहे म्हटल्यावर सुटकेचा निःश्वास. आणि लगेच त्या गुन्हेगाराकडे वळून, वॉटसन मेला असता तर तू या खोलीतून जिवंत गेला नसतास, अशी धमकी. माया आहे ती चाकूत आणि धमकीत. ‘माया’ हा शब्द वॉटसनचा, होम्स तो स्वतः कधीच उच्चारत नाही. पूर आला, काठ बुडाले, आणि दोन परिच्छेदांत पाणी परत पात्रात.

तुमचा होम्स मात्र स्वतःच स्वतःचा निवेदक झालाय. ‘कोलमडून गेलो असतो’ हे वॉटसननं होम्सबद्दल लिहावं. होम्सनं वॉटसनला सांगितलं की ओळख गेली.

शिवाय तो ‘रे’ आणि तो ‘तू’!

शेरेबाज

‘तू’चं काय? एका घरात राहतात, मित्र आहेत. तुम्ही-आम्ही कशाला?

अर्धविराम

कारण मराठीत लिहिताना पात्र सुटण्याची पहिली जागाच ती. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे मूळ लेखकाला हा निर्णय घ्यावाच लागला नाही. आपल्याला पहिल्याच संवादात घ्यावा लागतो, आणि मुळात त्याचं थेट उत्तर कुठेच नसतं. खुणा मात्र असतात. ते दोघं एकमेकांना आडनावानं हाक मारतात, शेवटपर्यंत. कितीही जवळीक झाली तरी ‘जॉन’ आणि ‘शेरलॉक’ होत नाही. ज्या मैत्रीत पहिलं नाव येत नाही त्या मैत्रीत मी ‘तू’ घालणार नाही. ‘तुम्ही’ ठेवते, आणि जवळीक दुसरीकडे दाखवते. अर्धवट वाक्यांत, न विचारता दुसऱ्याची काडेपेटी उचलण्यात.

उलट, भुरट्या चोराशी बोलताना होम्स कधी ‘तू’वर येतो आणि कधी मुद्दाम थंडपणे ‘आपण’ म्हणतो, यात मराठी लेखकाला मूळ लेखकापेक्षा जास्त मोकळीक आहे. ती वापरा.

वेलांटी

बरं. आत्ताच बसून लिहिलेलं हे :

‘कुठं?’ होम्स गुडघ्यावर बसला होता. उत्तराची वाट न बघता त्यानं माझी बाही खांद्यापर्यंत फाडली. ‘हं. कातडीच गेलीय.’ मग बराच वेळ काही बोलला नाही. पट्टी बांधून झाली तरी गाठ तपासतच होता. ‘पुढच्या वेळी माझ्या मागे उभे राहा, वॉटसन. तुमची उंची मी हिशेबात धरली नव्हती.’

शेरेबाज

हा होम्स आहे. चूकसुद्धा हिशेबाची म्हणून कबूल करतो. मी ओओसी मागे घेतो, पात्र सुटणे चालेल.

पण आता ‘कॅनन’ला, म्हणजे मूळ लेखकाच्या प्रमाण मानलेल्या कथांना, पण शब्द शोधणार का? ‘प्रमाणसंहिता’ वगैरे आणलंत तर मी चाललो.

जुनी वही

थांबा, त्यात गंमत आहे. कॅनन हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ सरळ काठी, मापायची पट्टी, त्यावरून नियम. चर्चनं तो कोणते ग्रंथ प्रमाण मानायचे यासाठी वापरला. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं होम्सकथांवर धर्मग्रंथांच्या टीकेची नक्कल करत एक विनोदी निबंध वाचला, आणि होम्सच्या भक्तमंडळींत तो शब्द रुजत गेला. होम्सचं कॅनन म्हणजे ५६ लघुकथा आणि ४ कादंबऱ्या. चाहत्यांच्या बाकीच्या जगात तो नंतर पसरला.

तोच ग्रीक शब्द अरबीत गेला आणि त्याचा ‘कानून’ झाला. फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडे आला. शिवकालीन कागदांतला ‘कानूजाबता’ आठवा. म्हणजे कॅनन परका नाही, आपल्या ‘कानू’चा चुलतभाऊच आहे. खुशाल वापरा. बोलताना मी ‘मुळात आहे का?’ एवढंच विचारतो, तेवढ्यानं भागतं.

शेरेबाज

आणि मुळातच घोळ असेल तर? वॉटसनची युद्धातली जखम एका कादंबरीत खांद्याला, पुढच्या कादंबरीत पायाला. नाव जॉन, पण एका कथेत बायको त्याला जेम्स म्हणते.

वेलांटी

तिथेच आमचं सुगीचं रान! वॉटसनचं पूर्ण नाव जॉन एच. वॉटसन. रहस्यकथा लेखिका डोरोथी सेयर्स यांनी सुचवलं की तो ‘एच’ म्हणजे हेमिश असावा, आणि हेमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. बायको लाडानं मधलं नाव घेत असेल. याला आम्ही ‘हेडकॅनन’ म्हणतो. मुळात नाही, पण मुळाला धक्का न लावता मनात बसवलेलं. त्याला ‘मनातलं कॅनन’ म्हणते मी.

आणि ‘फॅनॉन’ म्हणजे सगळ्यांनी मिळून इतक्यांदा लिहिलेलं, की ते मुळातच आहे असं वाटायला लागतं. ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे वाक्य त्या साठ कथांत एकदाही सलग येत नाही. पात्र सुटण्याचं हेही एक कारण. लिहिणारा मूळ पात्रावरून लिहीतच नाही, दुसऱ्यांच्या नकलेवरून लिहितो. माझा तो कोलमडणारा होम्स कुठून आला, ते आता कळतंय.

अर्धविराम

‘मेरी सू’ राहिली. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी स्टार ट्रेक या अंतराळमालिकेच्या चाहत्यांच्या एका छोट्या मासिकात विडंबन लिहिलं होतं. त्यातली नायिका साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत लहान लेफ्टनंट, सगळ्यांची लाडकी, सगळ्यात निष्णात. तिचं नाव मेरी सू. पुढे ते नाव अशा सगळ्याच पात्रांना चिकटलं. मराठीत ‘गुणांची पुतळी’ त्याच तिरक्या सुरात म्हणता येईल.

पण हल्ली हा शब्द कुठल्याही हुशार बाईपात्रावर फेकतात, ते मला मान्य नाही. मेरी सूची खूण तिच्या गुणांत नसतेच, ती आजूबाजूच्यांत सापडते. ती खोलीत आली की बाकीच्यांची पात्रं सुटतात. कडक कप्तान हळवा होतो, अबोल माणूस बोलका होतो, सगळ्या नद्या एकाच खड्ड्याकडे वळतात. तसं होत नसेल तर ती नुसती हुशार बाई आहे, तिला हुशार असू द्या.

जुनी वही

आपल्या काव्यशास्त्रात या सगळ्याला फार जुना शब्द आहे, तो सांगून गप्प बसतो. ‘प्रकृत्यौचित्य’, म्हणजे पात्राच्या प्रकृतीला शोभेल तेच लिहिणं. नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात त्याची चर्चा केलीय. रसभंगाचं कारण अनौचित्याशिवाय दुसरं नाही, हे त्यांचं वचन प्रसिद्धच आहे. निव्वळ मानवी राजाच्या नावावर सात समुद्र ओलांडणं वगैरे घालू नये, असं ते म्हणतात. लगेच शंकाही घेतात, मग सातवाहनासारख्या राजांबद्दल नागलोकात गेल्याच्या गोष्टी ऐकू येतात त्यांचं काय? उत्तर असं की ज्याच्याबद्दल जेवढा पराक्रम प्रसिद्ध आहे तेवढा लिहिलेला शोभतो, त्यापलीकडचा त्याच्याच नावावर घातला तर शोभत नाही.

म्हणजे कॅननच की! आणि हेच आनंदवर्धन पुढे सांगतात की परंपरेतून आलेल्या कथेतला भाग रसाला मारक असेल, तर तो टाकून कवीनं नवा रचावा. घटना बदला, पात्राचं औचित्य सांभाळा.

शेरेबाज

काका, ‘तुझ्या कथेत प्रकृत्यौचित्याचा भंग झालाय’ असं मी एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीला लिहिलं, तर ती लिहिणंच सोडेल.

जुनी वही

म्हणून तर ‘पात्र सुटलं’.

वेलांटी

त्या वाचकाला आज उत्तर पाठवलं : ‘होम्सचं पात्र माझ्या हातून सुटलं होतं, तो तुकडा बदललाय.’ लगेच उलट निरोप आला : ‘आता होम्स जमला. पण मिसेस हडसन त्याला नुसतं “होम्स” म्हणतात?’

मिसेस हडसन म्हणजे होम्सची घरमालकीण, आणि मुळात त्या ‘मिस्टर होम्स’ म्हणतात. आता मराठीत ‘होम्ससाहेब’ करू की ‘मिस्टर होम्स’च ठेवू? अर्धविराम, जाग्या आहात का?