‘अवकाश’ म्हणजे जागा की वेळ?

आठवीतल्या भाचीला विज्ञानाचा धडा समजावत होतो. ‘अवकाश’ या शब्दाशी ती अडली. “मामा, आजी रोज म्हणते, जेवायला अजून अवकाश आहे. मग अवकाशयान म्हणजे उशिरा सुटणारं यान का रे?” हसू आलं खरं, पण पुढे मलाच काही सुचेना. एकच शब्द जागेलाही आणि वेळेलाही कसा? मूळ अर्थ कोणता? की पुस्तकवाल्यांनी कुठला तरी शब्द उचलून चिकटवलाय? जाणकारांनी सांगावं.

०

चिकटवलेला नाही. संस्कृतात अवकाश म्हणजे मोकळीक, मधली रिकामी जागा. मग ती दोन भिंतींच्या मधली असो की दोन कामांच्या. मराठीने दोन्ही ठेवल्या. “गाडीला अजून अवकाश आहे” यात वेळ भरपूर. “मी म्हणायचा अवकाश, की पाऊस आलाच” यात तो जवळजवळ शून्यावर आलेला. हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी, म्हणून तिकडे निवृत्त माणूस ‘अवकाशप्राप्त’ होतो. आपल्याकडे तसं छापलं तर गृहस्थ थेट चंद्रावर पोचले असं वाटायचं.

खरी गंमत ‘सावकाश’मध्ये आहे. स + अवकाश, म्हणजे मोकळीक असलेला. पंगतीत यजमान हात जोडून “सावकाश होऊ द्या” म्हणतात, तेव्हा ते हळू चावायला सांगत नसतात. वेळ आहे, उठायची घाई नाही, असं सांगत असतात. (मागे पुढची पंगत ताटकळत उभी असते, ते वेगळं.)

लिंगाचं तेवढं सांभाळा. कोशात अवकाश पुल्लिंगी आहे, पण ‘आकाश’च्या ओढीने बरेच जण त्याला नपुंसकलिंगी करतात. मला खटकतं. आता थांबेल असं मात्र वाटत नाही.

०

‘अंतराळ’ही त्याच घरातला. दोहोंच्या मधलं ते अंतराळ. सिन्नरच्या गोंदेश्वराला गेलात तर सभामंडपातून गाभाऱ्याकडे वळताना मधे एक लहानसा टप्पा लागतो, त्याचं नावच अंतराळ. दोन-चार पावलांत आपण तो ओलांडतो. भाचीला सांगा, तीही अंतराळवीर.

०

जागेचं झालं, वेळेचं कुणी बोलेना म्हणून लिहिते. ‘वेळ’ शब्दाचं लिंग बदललं की अर्थ बदलतो, हे आपण बोलताना बिनचूक पाळतो आणि विचारलं तर सांगता येत नाही. “वेळ गेला” म्हणजे तास-दोन तास खर्ची पडले. “वेळ गेली” म्हणजे नेमका क्षण हुकला, मुहूर्त टळला. पुल्लिंगी वेळ मोजायचा, स्त्रीलिंगी वेळ गाठायची. भौतिकशास्त्रात घड्याळातला एक बिंदू आणि दोन बिंदूंमधलं अंतर असा फरक करावा लागतो. आपल्या आजीने तो व्याकरणातच करून ठेवलाय.

‘काळ’ आणखी निराळा. “काळ आला होता, पण वेळ आली नव्हती” या म्हणीतले दोन्ही शब्द इतर भाषांत वेगवेगळे करून दाखवा बघू!

०

पुन्हा मीच. भाचीची गाडी पुढे गेली. “विश्व पसरतंय, तर कशात पसरतंय? आणि महास्फोटाच्या आधी काय होतं?” शास्त्रज्ञांनाही सगळं माहीत नाही, असं सांगून मी सुटका करून घेतली. यात दोष शब्दांचा किती?

०

बराच. ‘बिग बँग’ हे नावच मुळात विरोधकाने दिलेलं. १९४९ साली बीबीसी रेडिओवर बोलताना ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी तो शब्द वापरला. विश्वाला आरंभ होता हेच त्यांना मान्य नव्हतं. केंब्रिजमध्ये याच हॉइल यांचे विद्यार्थी आपले जयंत नारळीकर, आणि महास्फोट त्यांच्याही गळी कधी उतरला नाही. मराठीत आणताना आपण ‘महा’ लावून आवाज आणखी वाढवला. स्फोट म्हटलं की डोळ्यापुढे सुतळी बॉम्ब येतो: मधोमध वात, चहूकडे कागदाचे कपटे, आणि कानांवर हात ठेवून लांब उभे आपण. सिद्धांतात मधोमध काही नाही आणि लांब उभं राहायला जागाही नाही. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि दाट होतं, तेव्हापासून अवकाशच ताणला जातोय, एवढंच तो म्हणतो. दीर्घिकांमधलं, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांमधलं, अंतर वाढायला बाहेर मोकळं मैदान लागत नाही.

‘कशात’मधला ‘त’ भांडं मागतो. ‘आधी’ तर काळच मागतो, आणि काळ तिथूनच सुरू झाला असेल तर हा प्रश्न सीएसएमटीला उतरून “आता पुढचं स्टेशन कोणतं?” विचारण्यासारखा. ‘असेल तर’ म्हणतोय, कारण तसं नसेलही. म्हणजे तुम्ही भाचीला खोटं काही सांगितलं नाहीत.

०

दिशांचाही घोळ आहे. ‘पुढचा आठवडा’ म्हणताना भविष्य आपल्या समोर असतं. पण ‘पूर्व’ म्हणजे मुळात समोरची दिशा, उगवत्या सूर्याकडे तोंड केल्यावरची. ‘पश्चिम’ म्हणजे पाठीमागची. तरी ‘पूर्वी’ म्हणजे होऊन गेलेलं आणि ‘पश्चात’ म्हणजे नंतरचं. ‘पूर्वज’ समोर, नातवंडं पाठीशी! ‘परवा’ने तर बाजू घेण्याचंच टाळलंय: “परवा आलो” आणि “परवा येईन”. काळाचा बाण कुठे रोखलाय ते क्रियापदाला विचारायचं. गतीच्या नियमांनाही भूत आणि भविष्य यांत फरक दिसत नाही. मांडलेला कॅरम विस्कटतो, विस्कटलेला आपोआप मांडला जात नाही, एवढीच आपल्याजवळची खूण.

०

‘सावकाश’वर थोडी भर. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं दुरुस्ती केली नाही तर आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) पुढे धावतील. उपग्रहाचा वेग त्यांना थोडं मागे ओढतो, पण तिथलं गुरुत्वाकर्षण कमी असण्याचा परिणाम त्याहून मोठा. थोडक्यात, जमिनीलगत घड्याळ सावकाश चालतं. इथे हा शब्द मी फार विचार करून वापरलाय.

०

सगळं भाचीला वाचून दाखवलं. ‘परवा’ तिला लगेच पटलं, बाकीच्यावर म्हणाली, “बघते.” मग आईला विचारलं, जेवायला किती अवकाश आहे. आई म्हणाली, “दोन शिट्ट्या.”