‘जिवेभावे’ आणि ‘तोंडदेखली चाकरी’: रोजच्या कामाला उपासना म्हणता येतं का?

अंबड : जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत ‘ते सेवेत आहेत’ म्हटलं की पाळक किंवा प्रचारक, एवढाच अर्थ. नर्स, वेल्डर, झेडपीचे मास्तर हे ‘नोकरीत’. रविवारी चर्चमध्ये होते ती ‘उपासना’. मग बायबलमधल्या पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात (3:23, म्हणजे अध्याय 3, ओवी 23) सगळं काम प्रभूसाठी म्हणून ‘जिवेभावे’ करा असं आहे, ते कोणत्या कामाबद्दल? आणि या शब्दाचा नेमका अर्थ काय घ्यायचा?

जालना : ताई, मूळ ग्रीकमध्ये तिथं ‘जिवातून’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ‘जिवेभावे’ म्हणजे जीवही त्यात आणि भावही त्यात. हा आपल्या भक्तीच्या मराठीतला शब्द. भाषांतरकारांनी तो कामासाठी वापरला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

पण खरा अर्थ उलगडतो तो आदल्या ओवीतल्या विरुद्ध शब्दानं : ‘तोंडदेखली चाकरी’. ग्रीकमध्ये तो ‘डोळा’ आणि ‘दास्य’ मिळून झालेला एकच शब्द आहे, आणि नव्या करारात तो दोनच जागी येतो, इथं आणि इफिसकरांस पत्रात (6:6). धन्याचा डोळा आहे तोवर काम, डोळा हटला की पाट्या टाकणं. म्हणजे ‘जिवेभावे’ची परीक्षा कुणी बघत नसतानाच होते. भिंतीआड झाकल्या जाणाऱ्या वायरचा जोड गवंड्याला दिसत नाही, घरमालकालाही नाही. तो नीट करणं हीसुद्धा उपासना, असंच मी या वचनातून समजतो.

जुन्या करारात तर याहून पुढची गोष्ट आहे. निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात देवानं आपल्या आत्म्यानं भरलं तो बसालेल कारागीर होता. सोनं, चांदी, पितळ, रत्नांना पैलू पाडणं, लाकडाचं कोरीव काम, हे त्याचं कसब. प्रभू येशूलाही गावकरी ‘सुतार’ म्हणूनच ओळखत होते (मार्क 6:3).

पैठण : मी ख्रिस्ती नाही, पण हे पटलं. हातमागाची पैठणी उलटी करून बघा, पदराची नक्षी मागूनही तशीच उमटलेली असते. नेसल्यावर ती बाजू कोण बघतं?

उदगीर : आमच्याकडं लिंगायत घरांत ‘कायक’ म्हणतात. 12व्या शतकात बसवण्णांनी कल्याणला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) असाच विचार मांडला, अंगमेहनतीचं प्रामाणिक काम म्हणजेच कैलास. दोन्हींची मुळं वेगळी आहेत, एकच म्हणू नये.

बीड : दादा, एक टोचतंय. हे वचन मालकाच्या तोंडी लई गोड लागतं. पाडव्याला साल ठरलेला सालगडी, नाहीतर उचल घेऊन ऊसतोडीचा कोयता धरलेलं जोडपं, त्यांना ‘जिवेभावे करा’ सांगायचं आणि मजुरी द्यायला हात आखडायचा? पौलानं हे दासांनाच लिहिलंय ना?

जालना : हो, दासांनाच. ते झाकू नये. म्हणून 3:23 वर थांबता येत नाही. पुढं 4:1 मध्ये धन्यांना सांगितलंय की दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते, ते कित्येक शतकांनी घातले गेले. त्यामुळं हे वाक्य पुढच्या अध्यायात गेलं आणि प्रवचनात वाचायचं राहून जातं. नव्या करारातलं याकोबाचं पत्र (5:4) तर सांगतं की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि कापणाऱ्यांची ओरड परमेश्वराच्या कानी जाते.

जुन्या कराराच्या मूळ हिब्रूतला ‘अवोदा’ शब्द बघा. शेत कसणं, मंदिरातली सेवा आणि मिसरातली (इजिप्तमधली) वेठबिगारी, तिन्हींना तोच शब्द. त्यातल्या वेठबिगारीतून देवानं लोकांना सोडवलं, तिला भक्ती म्हटलं नाही. मजूर जीव ओततो ती त्याची उपासना. त्याला पूर्ण मजुरी देणं ही मालकाची उपासना, आणि ती चुकवून रविवारी म्हटलेली गीतं मला तोंडदेखलीच वाटतात.

बीड : हे मात्र पाळकांनी व्यासपीठावरून बोलावं.

लातूर : शब्दापुरतं एक. अशा कामाला ‘उत्कृष्टता’ म्हटलं की बक्षीस, पहिला नंबर आठवतो, दुसऱ्याच्या पुढं जायचं असतं. या वचनात स्पर्धा नाही. आमच्या आजी ‘निगुतीनं कर’ म्हणायच्या, भाकरी असो की गोधडीचा टाका. तो शब्द मला जास्त जवळचा वाटतो. परभणी-नांदेडकडं याला दुसरा शब्द आहे का?