बी पाठवणं एवढं सोपं असतं तर काचपेट्या कशाला?

"बी कागदाच्या पुडीत घालून पाठवायचं सोडून जहाजावर काचपेट्यांचा खटाटोप कशाला?" एकोणिसाव्या शतकात रोपं काचेच्या बंद पेट्यांत लावून जहाजाने देशोदेशी धाडत, त्याबद्दलचा हा प्रश्न रास्त आहे. गवतं, कडधान्यं, बाभूळ यांचं बी कोरडं करून पुडीतून खुशाल जाई. घोळ व्हायचा तो रबर, चहा, ओक अशा झाडांचा. त्यांचं बी सुकलं की मेलं; ओलं ठेवावं तर बुरशी धरतं किंवा वाटेतच कोंब फुटतो.

रबराचंच बघा. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलहून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात आणल्या. त्याच्याच सांगण्यानुसार, वेताच्या हवेशीर टोपल्यांत केळीच्या वाळक्या पानांचे थर देऊन. तरीही उगवल्या जेमतेम ४ टक्के. पुढे सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) बिया धाडल्याच नाहीत, १,९०० च्या वर रोपं ३८ वॉर्ड पेट्यांतून, म्हणजे याच काचपेट्यांतून, गेली.

लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने १८३३ मध्ये लंडनहून सिडनीला पाठवून ही पेटी सिद्ध केली होती. तळाशी ओली माती, वर लाकडी चौकटीत उतरत्या काचा, सांधे लांबीने (पुट्टीने) बंद. मातीवर आडव्या पट्ट्या ठोकायच्या, नाहीतर जहाज डोललं की रोपं उपटतात. आतली वाफ काचेवर जमून परत मातीत, म्हणून प्रवासात गोड्या पाण्याची चणचण भासत नसे. पेटी मात्र डेकवरच हवी. जहाजाच्या तळघरात ठेवली की उजेडाअभावी रोपं पिवळी, लांबुडकी. काच फुटून खारं पाणी शिरलं तर सगळंच संपलं. आणि निघताना मायेने जास्त पाणी घातलं की मुळं कुजलीच!