एकच जॅकेट बाराही महिने?
प्रश्न असा की आत रेनलायनर (पाणी अडवणारं अस्तर) असलेलं एकच बाइक जॅकेट पुणे-कोकण रायडिंगला वर्षभर चालेल का. चालतं हो, पण ताम्हिणी घाटात जुलैचा पाऊस लागला की लायनर आत असल्यामुळे बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्याने हुडहुडी भरते, त्यापेक्षा मेश म्हणजे जाळीदार कापडाचं जॅकेट घ्या आणि वरून घालायचा सैल रेनसूट वेगळा ठेवा, एप्रिल-मेच्या दमट हवेत तेच मेश सुखाचं वाटतं. रेनपँट बुटांच्या वरून सोडा, आत खोचली की पाणी थेट मोज्यात. आणि प्लीज, जॅकेटातले मार अडवणारे पॅड सीई लेव्हल २ चेच (युरोपीय सुरक्षा मानकाची वरची पातळी) बघा, पाठीला बऱ्याच जॅकेटात नुसता फोम असतो, तो बदलाच. जॅकेटची ट्रायल बाइकवर बसून, हात हँडलला लावूनच घ्या, उभ्याने नको.