रविवारचा विसावा घरातल्या कुणाकुणाला?

रविवारची सून
आम्ही कोल्हापूरचे ख्रिस्ती, चार पिढ्यांचे. गेल्या रविवारी चर्चमध्ये उपदेश शब्बाथावर, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसावर होता; आम्ही तो रविवारी पाळतो. खून करू नको, चोरी करू नको, त्याच दहा आज्ञांत विसाव्याचीही आज्ञा आहे, असं पाळकसाहेब म्हणाले. पटलं. घरी आले, पदर खोचला आणि मटणाचं वाटण घ्यायला बसले. तांबडा, पांढरा, भाकरी, खाणारी अकरा माणसं. दुपारी पुरुष मंडळी पंख्याखाली आडवी झाली तेव्हा सासूबाई आणि मी भांडी घासत होतो. त्यांना गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय. एक पाय लांब करून मोरीत बसल्या होत्या.

रात्री बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढला. तिथं यादीच आहे : तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका. पुढं म्हटलंय, मिसर देशात (इजिप्तमध्ये) तूही दास होतास, हे विसरू नको. म्हणजे हा दिवस आधी हाताखाली राबणाऱ्यांचा. ज्या घरात बाई सोमवारपेक्षा रविवारी जास्त राबते, तिथं सगळं घर चर्चला जाऊन आलं तरी ही आज्ञा मोडलेलीच असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

करवीर काका
ताई, 'मोडलेली' हा शब्द फार जड झाला. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे प्रभू येशूनंच परुशांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, सुनावलं. शिष्यांनी भूक लागली म्हणून शब्बाथ दिवशी शेतातली कणसं मोडून खाल्ली, त्यालाही त्यानं दोष दिला नाही. घरच्यांना मायेनं जेवू घालणं हे ओझं कधीपासून झालं? पोरं आठवडाभर चार दिशांना असतात. एका पंगतीला बसतात ती रविवारीच. आणि यादी काढलीत म्हणून सांगतो, तिच्यात बायको नाही!

साधी सिस्टर
काका, कणसं शिष्यांनी स्वतःच्या हातानं मोडली, कुणाला मोडायला लावली नाहीत. आणि बायको यादीत नाही याचा अर्थ तिला सुट्टी नाही असा घेणार असाल, तर गाढवाला सुट्टी आणि बाईला नाही, असं देवाच्या तोंडी घालताय. 'तू' म्हटलं की त्यात तीही आलीच.

मी नर्स आहे, रविवारीही ड्यूटी असते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला येशूनं शब्बाथ दिवशीच सरळ उभं केलं. पण बदली सुट्टी मी सोडत नाही. बुधवारी मी कुणाचा फोन घेत नाही.

चुलवाण
मी ख्रिस्ती नाही, तरी बोलतो. आमचं गुऱ्हाळ आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, साखर उतरते, गूळ बिघडतो. काहिलीत रस उकळत असताना गुळव्यानं 'आज विसावा' म्हणून चालेल का? हंगाम चार-पाच महिन्यांचा. तेवढ्यात राबायचं, मग पावसाळाभर आहेच की विसावा. तुमचं सगळं पगारदारांचं बोलणं आहे.

रविवारची सून
दादा, बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात मुद्दाम म्हटलंय : नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी थांब. हंगामच काढलाय बघा, कारण माणूस तेव्हाच ऐकत नाही. शनिवारी ऊस कमी तोडला तर रविवारी काहील रिकामी राहील ना? आणि बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही आपण. आदल्या दिवशी त्याचे खांदे मळतो, हळद लावतो. बैलाचं कळतं आपल्याला.

चुलवाण
बेंदराचं खरं आहे. आज्जा त्या दिवशी कासरासुद्धा ओढू द्यायचा नाही. पण कमी ऊस तोडला तर टोळीची मजुरी कोण देणार ते सांगा.

भट्टी शिरोली
हेच विचारणार होतो. फौंड्रीत आहे, कंत्राटी. एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. हातावर पोट असणाऱ्याला सुट्टी म्हणजे उपास. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना काही आभाळातून पडली नाही. नारायण मेघाजी लोखंडे अनेक वर्षं भांडले, तेव्हा १० जून १८९० ला मिळाली. विसावा हा पैशाचा प्रश्न आहे, भक्तीचा नंतर.

रविवारची सून
भाऊ, तुमचं म्हणणं मान्य, आणि पवित्र शास्त्रही तेच सांगतं. मिसरातून सुटलेल्या इस्राएली लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, मिळायचा तो रोजच्या रोज, साठवला की त्यात किडे पडायचे. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा आणि तो टिकायचा. देवानं आधी दुसऱ्या दिवसाच्या भाकरीची सोय केली, मग घरी बसा म्हणाला. पगारी सुट्टीच की ती. टोळीच्या मजुरीचं उत्तरही मला तिथंच दिसतं : विसावा सांगणाऱ्यानं भाकरी द्यायची.

करवीर काका
म्हणजे शनिवारी दुप्पट स्वयंपाक. तो कुणी करायचा? तुम्हीच ना? मग काय सुटलं?

रविवारची सून
काका, हा तुमचा प्रश्न मला लागला. मान्ना गोळा करायला सगळेच जात होते, एकटी बाई नाही.

रविवारची सून (आठ दिवसांनी)
घरी बोलले. सगळ्यात मोठा विरोध सासूबाईंचा. पाहुण्यांना काय शिळं वाढायचं, म्हणाल्या. शेवटी रविवारी एकच रस्सा आणि भात केला. नवऱ्यानं कांदा चिरला. जेवणं झाल्यावर मोरीत नवरा आणि दीर बसले. सासूबाईंना मी खुर्चीत बसवलं. दोनदा उठल्या, दोनदा परत बसवलं. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी पदराचं टोक धरून बसल्या आणि बसल्या बसल्याच झोपल्या. साडेचार वाजेपर्यंत कुणी उठवलं नाही.