मदत हवी आहे: एक्सपल्स २०० बाइक, मागच्या चाकाला रिमलॉक (टायर सरकू नये म्हणून तो रिमवर आतून दाबून धरणारा क्लॅम्प) एक की दोन?

मागे १२०/८०-१८ नॉबी (मोठ्या गुट्ट्यांचा ऑफरोड टायर), साधी ट्यूब. चिखलात १२-१४ पीएसआयवर टायर रिमवर सरकतो, व्हॉल्व्ह तिरका होऊन ट्यूब मुळाशी फाटते. व्हॉल्व्हचा नट रिमपासून सोडून टोपीला भिडवला, त्यामुळे तिरकेपणा वेळीच दिसतो. सरकणं थांबत नाही. १८ पीएसआय ठेवलं की ग्रिप जाते. जाड ४ मिमी ट्यूब टाकणार आहे, पण ती पिंच (रिममध्ये चिमटून होणारं पंक्चर) वाचवेल, सरकणं थांबवणार नाही. रिमलॉक रिमच्या रुंदीनुसारच घेईन. मूस (ट्यूबऐवजी टायरमध्ये भरायचा फोम) नको, कारण ट्रेलपर्यंत हायवेने ८०च्या वेगाने जावं लागतं.

एकच लॉक व्हॉल्व्हसमोर लावून वजनाने बॅलन्स करू, की दोन लावू? आणि भोक व्हॉल्व्हपासून नेमकं किती स्पोक सोडून पाडायचं?