मेटल डिटेक्टर: पार्कात नाण्यांऐवजी नुसते कॅनचे टॅब निघताहेत, सेटिंग सांगा

पाटीपेन्सिल
मंडळी, जरा घाई आहे, शनिवारी परत जायचंय. डिटेक्टर घेऊन पार्कात शिरलं की दर पावलाला वाजतो. खणून बघावं तर कोकच्या कॅनचा टॅब, चॉकलेटची चांदी, नाहीतर बिअरच्या बाटलीचं झाकण. सेन्सिटिव्हिटी वाढवून झाली, कमी करून झाली. मोड पार्क २ ठेवलाय, कारण जास्त कचऱ्याला तोच बरा म्हणतात. व्हिडिओवाले असल्याच पार्कातून मूठभर नाणी काढतात. मला फक्त आकडे सांगा, ते टाकतो आणि जातो. 'सरावाने जमेल' हे उत्तर नको, ते घरून मिळालेलं आहे.

तर्कट
मशीन कोणतं? गाव कोणतं? कॉइल (खालची गोल तबकडी) केवढी? पार्क पंचवीस वर्षांचं की शंभर? यातलं काहीच न सांगता आकडे मागताय.

टोरांटोकर
सोपं आहे. लोखंड गाळू नका! २००० नंतर इथली चिल्लर पोलादावर मुलामा देऊन बनवतात, २०१२ पासून लूनी-टूनीसुद्धा (एक आणि दोन डॉलरची नाणी). लोखंड बंद केलंत तर नवी नाणी वाजणारच नाहीत. मी सगळं उघडं ठेवून फिरतो.

तर्कट
टोरांटोकर, धागाकर्ते कॅनडात आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं?

टोरांटोकर
कोक, बिअर आणि पार्क म्हटल्यावर मला वाटलं.

पाटीपेन्सिल
इक्विनॉक्स ८००, सेकंडहँड. सोबत आलेली ११ इंची कॉइल. न्यू जर्सी. पार्क २ म्हटल्यावर मशीन कळायला हरकत नव्हती. पार्क जुनं आहे, बेसबॉलचं मैदान आणि बार्बेक्यूची जागा लागून. आता आकडे?

नालबंद
आधी एक बघा. बाजूचं घोड्याच्या नालेचं बटण दाबलं गेलं असेल तर लोखंडासकट सगळं वाजतं. जुन्या मालकाने सोडलं असेल तसंच.

पाटीपेन्सिल
नाल बंदच आहे. खिळे वाजत नाहीत, ॲल्युमिनियम वाजतंय. तेच तर विचारतोय.

ओहायोचा_अण्णा
मग ऐका, मी हेच मशीन वापरतो. धातू किती वीजवाहक त्यानुसार मशीन स्क्रीनवर आकडा दाखवतं. ढोबळ आकडे असे: निकेल (५ सेंट) १२-१३, नवी जस्ताची पेनी (१ सेंट) २० च्या आसपास, जुनी तांब्याची पेनी आणि डाइम (१० सेंट) २५ ते २७, क्वार्टर (२५ सेंट) ३० च्या आगेमागे. १९८२ मध्ये पेनी ९५ टक्के तांब्यावरून तांब्याचा पातळ थर दिलेल्या जस्तावर गेली, म्हणून एकाच नाण्याचे दोन आकडे. जमिनीत कुजलेली जस्ताची पेनी आणखी खाली घसरते.

आता तुमचा टॅब. तो साधारण १० ते १८ मध्ये कुठेही वाजतो, वाकला-तुटला की आकडा बदलतो. म्हणजे निकेल टॅबांच्या मधोमध बसलंय. ते दोन वेगळे करणारं सेटिंग या मशीनमध्ये नाही, दुसऱ्या कुठल्याही नाही. विद्युतवाहकता जवळपास सारखी असेल तर मशीनला फरक कळणार कशावरून? तेव्हा काय सोडायचं ते तुम्ही ठरवा. शनिवारपुरतं निकेलवर पाणी सोडा, १ ते १८ नाकारा, त्यावरचंच खणा. डाइम, क्वार्टर आणि असलीच तर १९६४ पर्यंतची ९० टक्के चांदीची नाणी वरच आहेत.

बाकीचं: मोड पार्क १. आवाज पाच टोनचा. रिकव्हरी स्पीड ६ किंवा ७, म्हणजे टॅबला चिकटून पडलेलं नाणं वेगळं ऐकू येईल. थोडी खोली जाईल, जाऊ द्या. सेन्सिटिव्हिटी १७-१८. पूर्ण २५ वर नेलीत तर खालचा-वरचा सगळा कचरा एकदम बोलतो. पार्कात शिरल्यावर नॉइज कॅन्सल करा, विजेच्या तारा असतील तर नक्कीच.

स्विंगमास्तर
१ ते १८ नाकारायचं? अण्णा, सोन्याच्या अंगठ्या त्याच पट्ट्यात असतात! मला माझी एकमेव अंगठी १४ वर मिळाली. सगळं उघडं ठेवा आणि सगळं खणा. टॅब काढाल तेव्हाच त्याखालचं नाणं दिसेल.

ओहायोचा_अण्णा
त्यांनी नाणी विचारली, अंगठी नाही. बार्बेक्यूच्या जागेत सगळं खणायला बसले तर संध्याकाळपर्यंत टेबलाच्या एका बाजूला असतील.

स्विंगमास्तर
आणि तुमच्या पद्धतीने १९४२ ते ४५ ची युद्धकाळातली निकेल कायमची गेली. ३५ टक्के चांदी असते त्यांत.

ओहायोचा_अण्णा
जाऊ दे की. पुढच्या वेळी १२-१३ उघडा, पण आकडा दोन्ही बाजूंनी ठाम असेल तरच खणा. एकदा कॉइल फिरवली की नव्वद अंशात वळून परत फिरवायची. नाणं बहुधा तोच आकडा सांगतं. वाकडा टॅब १२, १५, ११ असा भटकतो. अख्खा टॅब मात्र तुम्हाला फसवणार, ते धरून चाला.

तर्कट
पण पार्क १ का? कचऱ्याला पार्क २ हे धागाकर्त्यांचं बरोबरच आहे.

ओहायोचा_अण्णा
पार्क २ बारीक, कमी वाहक वस्तूंकडे कललेला आहे, म्हणून चॉकलेटच्या फॉइलचे तुकडेही हौसेने वाजवतो. नाण्यांना पार्क १ बरा.

तर्कट
हं. फॉइलचं पटलं. बाकी पार्क २ मध्ये मलाही क्वार्टर मिळालेत, त्यामुळे अर्धंच मान्य.

नालबंद
झाकणांचं राहिलं. बिअरचं बूच पोलादी असूनही नाण्यासारखं गोड वाजतं. आयर्न बायस (संकेत लोखंडाकडे किती झुकवायचा ते सेटिंग) वाढवा, आवाज तुटायला लागतो. नाहीतर कॉइल हळूहळू मागे ओढत न्या, कडेला आल्यावर लोखंडी घरघर येते. स्क्रू-टॉपची झाकणं ॲल्युमिनियमची, ती पेनीसारखी वाजतात, त्यांना उपाय नाही. आणि खरं सांगू? ६ इंची कॉइल घ्या. ११ इंचीच्या खाली एका वेळी चार वस्तू येतात, मग तुमचे आकडे कशाला जुमानणार?

पाटीपेन्सिल
शनिवारपर्यंत कॉइल येणार नाही. पार्क १, १८ पर्यंत बंद, रिकव्हरी ७, सेन्सिटिव्हिटी १७. टाकलं.

कोकणातली_सुमी
विषय निघालाच आहे तर, हे मशीन भारतात आणता येईल का? आमच्या जुन्या वाड्याच्या परसात पणजोबांनी हंडा पुरलाय असं आत्या सांगते. भावकीला कळायच्या आत बघायचं होतं.

तर्कट
सुमीताई, भावकीचं राहू दे, कलेक्टरला कळवावं लागेल. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर लेखी कळवायचं.

कोकणातली_सुमी
दहा रुपये? हंड्याचं झाकणच जास्त भरेल.

टोरांटोकर
आणि संरक्षित किल्ल्यावर नेऊ नका, कोणी सुचवायच्या आत सांगतो. पुरातत्त्व खात्याच्या जागेत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. आपल्याकडच्या समुद्रकिनाऱ्यावर चिल्लर शोधायची असेल तर मात्र माझाच सल्ला लागू पडेल. आताचा रुपया स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला चिकटतो. लोखंड गाळलंत तर गेला.

तर्कट
अखेर यांचं उत्तर योग्य देशात पोचलं.

नालबंद
पाटीपेन्सिल, टाउनशिपची परवानगी बघितलीत ना? दर गावाचा नियम वेगळा असतो. नॅशनल पार्कात तर बंदीच आहे. आणि गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उघडा, परत तसाच दाबून बसवा. खड्डे दिसले की सगळ्यांचंच बंद होतं.

पाटीपेन्सिल
टाउनशिपला विचारलंय, चालतं म्हणाले. आज जाऊन आलो. बरंच शांत वाटलं. बेसबॉलच्या बाकड्यांमागे क्वार्टर आणि डाइम मिळाल्या, झोपाळ्याखाली पेन्या. बार्बेक्यूपाशी अजूनही झाकणांचा बाजार आहे, तिकडे ६ इंची आल्यावर बघू. ऑर्डर केली. आता सगळी नाणी काळी पडलीत, बँक घेणार नाही. कशाने धुऊ?

स्विंगमास्तर
व्हिनेगर आणि मीठ. रात्रभर.

ओहायोचा_अण्णा
रात्रभर नको! जस्ताच्या पेन्या विरघळायला लागतील. मत्स्यालयातली खडी, पाणी, भांडी घासायच्या साबणाचा थेंब, आणि दगड घासायचा टंबलर. पेन्या वेगळ्या फिरवा, एकत्र टाकल्या तर क्वार्टर लालसर होतात. १९६४ किंवा त्याआधीचं डाइम-क्वार्टर दिसलं तर ते घासू नका, नुसतं पाण्याखाली धरा. तारखा बघितल्यात का?

पाटीपेन्सिल
काळ्या थरात तारीख वाचता येत नाहीये, म्हणून तर विचारतोय.

ओहायोचा_अण्णा
कड बघा. कडेला तांब्याची लाल रेघ दिसली की नवं.